६० टक्क्यांचं गणित
एका भावानं लिहिलंय, हेडफोनवर गाणी ऐकताना मोबाइलचा आवाज ६० टक्क्यांवर ठेवला की कानाला धोका नाही. पण तेच ६० टक्के प्रत्येक हेडफोनवर वेगळे डेसिबल देतात. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब बघा: ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित, ९० झाले की फक्त ४ तास. खरी गोची होते कोल्हापूरच्या केएमटी बसमध्ये. गोकुळ शिरगावला जाताना इंजिनाची घरघर, खिडक्यांचा खडखडाट. बोट आपसूक आवाज वाढवतं आणि उतरल्यावरही तो तसाच राहतो. त्यापेक्षा कानात घट्ट बसणारे, रबरी बोंडांचे इअरफोन घ्या, कमी आवाजात भागतं. (रस्ता ओलांडताना मात्र काढा, आपले दुचाकीवाले माहीत आहेतच.) गाणी बंद केल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली आणि दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर कान-नाक-घसा डॉक्टरांकडेच जा, तेलबिल घालत बसू नका.