काल लिफ्टजवळ जे झालं त्याबद्दल

बी-३०४ (सकाळी ७:१२): सगळ्यांना नमस्कार. काल आरतीनंतर मी लिफ्टजवळ खाली बसले, घामाने चिंब झाले आणि काहीबाही बोलले, असं ह्यांनी सांगितलं. मला त्यातलं अर्धंच आठवतंय. ए-१०२ काकूंचा हात मी झिडकारला. काकू, फार वाईट वाटतंय, माफ करा.

ए-१०२ काकू: गे बाय, माफी कसली! तुझे हात बर्फासारखे गार लागले म्हणून घाबरले. मला वाटलं, उपास केलास.

बी-३०४: उपास नाही काकू, खाल्ल्यामुळेच झालं. सातच्या सुमाराला दोन पातोळ्या आणि वाटीभर मणगणं, सगळं गुळाचं गोड, खाल्लं. चवथ आहे, मन आवरलं नाही. साडेआठला रक्तातली साखर ४६ होती.

ए-४०१: ताई, तुम्हाला डायबेटिस आहे का?

बी-३०४: होता, ऑपरेशननंतर गेला. आता लपवत नाही, सगळ्यांना माहीत असलेलं बरं. तीन वर्षांपूर्वी वजनासाठी माझं बायपास झालं. त्यात जठराची अंड्याएवढी पिशवी ठेवतात आणि ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. त्यामुळे गोड किंवा पिठाचं काही खाल्लं की ते जठरात थांबत नाही, सरळ आतड्यात उतरतं. साखर भराभर चढते. आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन भरपूर सुटतं, स्वादुपिंड गरजेपेक्षा जास्त इन्शुलिन सोडतं, आणि एक ते तीन तासांत साखर धाडकन खाली येते. हे ऑपरेशननंतर लगेच होत नाही, बहुतेकांना वर्ष उलटल्यावर सुरू होतं. मला चौदाव्या महिन्यात झालं. म्हापशाहून पणजीला कदंब बसने चालले होते. कंडक्टरने सुटे पैसे हातावर ठेवले आणि ते किती आहेत ते मला मोजता येईनात. दहाची नोट हातात धरून मी नुसती बघत बसले होते.

बी-२०१ काका: मग काल तोंडात पेढा का नाही घातला? आमच्या आईची साखर उतरली की आम्ही चमचाभर साखरच द्यायचो.

बी-३०४: काका, माझ्या बाबतीत तिथेच घोटाळा होतो. मी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर अकार्बोज घेते. ती गोळी साखर फुटायचा वेग कमी करते, म्हणून पेढा, साखर, सरबत लवकर लागू पडत नाही. मला ग्लुकोजच लागतं. सपाट तीन छोटे चमचे पावडर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, थोड्या पाण्यात. मग १५ मिनिटं थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. साखर वर आली की मूठभर शेंगदाणे किंवा पनीरचा तुकडा. काल ग्लुकोजनंतर कुणीतरी मायेने दोन लाडू भरवले. रात्री साडेदहाला पुन्हा ५२. जास्त गोड दिलं की तोच झोपाळा पुन्हा सुरू होतो.

सी-१०३ वहिनी: अगंबाई, लाडू मीच दिले 🙏 मला काय ठाऊक!

बी-३०४: वहिनी, मनाला लावून घेऊ नका. मलाच हे कळायला आठ महिने लागले. एका दवाखान्यात तर 'टेन्शन घेता' म्हणून झोपेची गोळी देऊन घरी पाठवलं. तेव्हा जेवल्यानंतर दोन तासांनी बोट टोचून बघायला कुणी सांगितलं असतं, तर ते आठ महिने वाचले असते. उपाशीपोटीची साखर माझी नेहमी नॉर्मलच येते.

सी-१०३ वहिनी: मग हलकं म्हणून उकड्या तांदळाची पेज चालेल ना? तीच पाठवणार होते.

बी-३०४: पेजच सगळ्यात वाईट वहिनी! आजारी माणसाला पेज, हे आपल्या हाडात बसलंय, पण पातळ आणि पिठूळ म्हणजे माझ्या आतड्यात दोन मिनिटांत. तोच तांदूळ घट्ट भात म्हणून अर्धी वाटी, आधी मासा किंवा उसळ खाऊन, वर पाणी न पिता, असा मला सोसतो. एका जेवणात ३० ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट, एवढंच माझं गणित. पाणी आणि कढी जेवणानंतर अर्ध्या तासाने. पावातही पोदेराच्या उंड्यापेक्षा कोंड्याची पोयी बरी, तीही अर्धी.

बी-१०४ सिस्टर: मी गोवा मेडिकल कॉलेजात नर्स असते म्हणून दोन शब्द. ताई शुद्धीत असतील आणि गिळू शकत असतील तरच तोंडाने द्या. शुद्ध हरपली तर पाण्याचा थेंबही नको. एका कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. उपाशीपोटी साखर उतरत असेल तर ते वेगळं प्रकरण असू शकतं, त्याची तपासणी वेगळी करावी लागते.

बी-३०४: सिस्टर, हे तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं. दंडावर गोल काय चिकटवलंय म्हणून मुलं विचारतात, तो साखर मोजणारा सेन्सर आहे. ७० च्या खाली गेलं की फोन ओरडतो. काल ढोल-ताशात ऐकूच आला नाही. शिवाय तो रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो, म्हणून स्कूटर काढण्याआधी मी बोट टोचूनच बघते.

ए-३०३: ताई, माझ्या भावाचं पुढच्या महिन्यात हेच ऑपरेशन ठरलंय. रद्द करायला सांगू का?

बी-३०४: नको. माझी बीपीची गोळी सुटली, गुडघे सुटले, मुलीबरोबर मिरामारला चालत जाते. मी पुन्हा तेच करीन. सगळ्यांना हा त्रास होत नाही. पण त्याने सर्जनना हे आधी विचारावं आणि वर्षानंतरही आहारतज्ज्ञाकडे जाणं सोडू नये. स्लीव्ह, म्हणजे नुसतं जठर कापून अरुंद करायचं ऑपरेशन, केलेल्यांनाही होतो, बायपासवाल्यांना जास्त. आहार आणि गोळीने भागलं नाही तर पुढची औषधंही असतात. संध्याकाळी त्याला वर घेऊन ये, मी बोलते.

ए-४०१: ताई, ग्लुकोजचा एक डबा वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवतो. वर तीन चमचे, १५ मिनिटं, १०८ असं मोठ्या अक्षरात लिहितो.

बी-३०४: ठेव रे. आणि ह्यांचा नंबरही लिही.

सी-१०३ वहिनी: आज आळसाण्यांचं तोणाक करतेय, नारळ घालून. तुला वाटीभर आणते. सोलकढी वेगळ्या बाटलीत देते, ती मागून पी.