उर्दू बोलणाऱ्याला 'एक्स्पेक्ट' कसा समजवायचा?

शारजावाला: मी शारजाला गोदामात डिस्पॅचला आहे, रूमवर माझ्यासोबत मुलतानचे एक भाई राहतात, वयाने मोठे. जेवण झालं की रोज अर्धा तास त्यांना इंग्रजी शिकवतो कारण त्यांना सुपरवायझरचा इंटरव्ह्यू द्यायचाय. बाकी सगळं पटापट घेतात पण 'एक्स्पेक्ट'वर गाडी अडकलीय. परवा कस्टमरला मेसेज लिहून मला दाखवला, वर 'आय एक्स्पेक्ट यू आर फाइन' आणि खाली 'आय होप यू टू पे बाय संडे'. मी म्हटलं एक्स्पेक्ट म्हणजे अपेक्षा, तर तो शब्दच त्यांना माहीत नाही. मग उम्मीद म्हटलं तर म्हणाले होप म्हणजे पण उम्मीदच ना? यावर मला काही सुचलं नाही. कुणी उर्दूतून नीट सांगेल का?

मालेगावची_मॅडम: मी उर्दू मीडियमच्या मुलांना इंग्रजी शिकवते, ही चूक दर वर्षी प्रत्येक वर्गात असते. बोलताना उम्मीद हा एकच शब्द दोन्ही कामं करतो. 'मुझे तुमसे ये उम्मीद नहीं थी' यात होप कुठेच नाहीये, ते सरळ एक्स्पेक्ट आहे. पण उर्दूत त्याला वेगळा शब्द आहेच, तवक़्क़ो, भाई उर्दू पेपर वाचत असतील तर त्यावरूनच आलेला 'मुतवक़्क़े', म्हणजे अपेक्षित, हा शब्द त्यांच्या डोळ्याखालून रोज जातो. मी वर्गात वाईट गोष्ट घालून बघायला लावते. उद्या ट्रॅफिक लागेल असं एक्स्पेक्ट करता येतं पण होप नाही करता येत, ट्रॅफिक कुणाला हवाय? मग मुलं स्वतःच वाक्यं करतात, लाइट जाणं, पेपर अवघड येणं, आणि एकदा डोक्यात बसलं की बसलं.
आणि 'होप यू टू पे' होत नाही, 'आय होप यू विल पे' म्हणायचं. 'आय एक्स्पेक्ट यू टू पे' बरोबर आहे पण जपून हं, ते साहेबाने हाताखालच्याला सांगितल्यासारखं लागतं, कस्टमरला नको.

पैठणगेट: आमच्या घरी उर्दूच बोलतात म्हणून एक सांगतो, भाईंना मराठी 'उमेद'वरून समजवायला जाऊ नका. शब्द तोच आहे, फारसीतूनच आलाय, पण मराठीत उमेद म्हणजे हुरूप, जिद्द, 'उमेद खचली' म्हणतो ते त्या अर्थाने. तवक़्क़ो अरबीतला, वाक़िआ म्हणजे घडलेली गोष्ट, ते पण त्याच धातूपासून. तेव्हा एक्स्पेक्ट म्हणजे हे घडणार असं धरून चालणं, मग ते आवडो न आवडो. आमच्या अब्बांना मी असंच सांगितलं होतं आणि त्यांना लगेच पटलं.

सिस्टर_भिवंडी: अजून एक जागा आहे जिथे हमखास घोळ होतो. आमच्याकडे ओपीडीत नवरे सांगतात 'बीवी उम्मीद से है', म्हणजे आपण दिवस गेलेत म्हणतो तसं. उर्दूत तिथे उम्मीद आहे पण इंग्रजीत होप चालत नाही, 'शी इज एक्स्पेक्टिंग' म्हणतात. कार्डवर ईडीडी लिहितो ना आम्ही, त्यातला ई म्हणजे एक्स्पेक्टेडच, बाळंतपणाची अंदाजे तारीख. तारखेचा हिशोब शेवटच्या पाळीवरून असतो, इच्छेवरून नाही, हे सांगितलं की माणसाला फरक कळतो.

शारजावाला: सिस्टर तुम्ही तर अगदी नेमकं बोललात, भाईंच्या घरी खरंच आनंदाची बातमी आहे आणि त्यांनी रजेच्या अर्जात 'माय वाइफ इज विथ होप' लिहिलं होतं, मला ते चूक आहे इतकंच कळत होतं, का ते सांगता येत नव्हतं. काल तुमचे सगळे रिप्लाय त्यांना वाचून दाखवले. तवक़्क़ो म्हटल्याबरोबर कपाळावर हात मारून म्हणाले, अरे ये तो मैं जानता हूँ! मग अर्ज स्वतःच परत लिहिला, मी एक अक्षर सांगितलं नाही. 'माय वाइफ इज एक्स्पेक्टिंग. द बेबी इज एक्स्पेक्टेड इन मार्च. आय होप बोथ विल बी हेल्दी.'