टेंटवर छापलेलं वजन आणि काट्यावरचं वजन: पूर्ण आकडा छापायला हवा की नको?

कातळवाट:
दोन माणसांचा नवा टेंट घेतला. पिशवीवर ठळक अक्षरांत 1.9 किलो. घरच्या काट्यावर भरला 2.38. वाण्याच्या काट्यावरही तेवढाच. मग एकेक भाग वेगळा मोजला. आतला टेंट, वरचं कव्हर आणि पोल मिळून 1.96. पेग, म्हणजे जमिनीत ठोकायच्या खुंट्या, 14, त्यांचे 220 ग्रॅम. दोऱ्या 70, तीन पिशव्या 110, पोल मोडला तर लावायची नळी आणि ठिगळाचं कापड 20.

कंपनीला विचारलं. उत्तर आलं की 1.9 हे ‘किमान वजन’ आहे, त्यात पेग, दोऱ्या, पिशव्या धरत नाहीत. हे पिशवीवर कुठेच लिहिलेलं नाही. साइटवर खूप खाली, बारीक अक्षरांत आहे. आणि किमान म्हटलं तरी 60 ग्रॅम जास्तच भरतात.

माझं म्हणणं सरळ आहे. दुकानातून जे उचलून सॅकमध्ये भरतो, त्या सगळ्याचं वजन पुढच्या बाजूला छापा. घरच्या गॅस टाकीवर रिकाम्या टाकीचं वजन रंगवलेलं असतं आणि आत 14.2 किलो गॅस, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शंका आली तर दारात वजन करून मागता येतं. दहा-बारा हजारांच्या टेंटला एवढा हिशोब का नको? हे मापात पापच आहे.

भंडारदऱ्याचा तंबूवाला:
दादा, राग समजतो, पण मागणी पटत नाही. मी टेंट भाड्याने देतो, दर हंगामात नवे घेतो. मला दोन टेंट ताडून बघायचे तर किमान वजनच कामाचं. पेग आणि दोऱ्या माणूस जागा बघून बदलतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर कातळात पेग जातो कुठे? तिथे दोरी धोंड्यालाच बांधावी लागते. मऊ मातीत लांब पेग लागतात. कंपनीने दिलेले लोखंडी पेग अर्धे लोक पहिल्याच महिन्यात काढून अ‍ॅल्युमिनियमचे घेतात. मग ज्या वस्तू तुम्ही नेणारच नाही त्यांचं वजन टेंटच्या माथी का?

दुसरं, जास्त महत्त्वाचं. पूर्ण वजन छापायची सक्ती झाली तर कंपन्या काय करतील? 14 पेगांचे 6 देतील, दोऱ्या बारीक करतील, दुरुस्तीची नळी गायब. आकडा दिसेल छान. मग कड्यावर रात्री वारा सुटला की कव्हर फडफडणार आणि नवखं गिऱ्हाईक पोल हातात धरून बसणार. हे मी पाहिलेलं आहे, स्वस्त टेंटमध्ये आत्ताच सुरू आहे.

कातळवाट:
तुमचा दुसरा मुद्दा खरा आहे आणि मला तो सुचला नव्हता. पण त्यावर उपाय आकडा लपवणं नाही. दोन्ही वजनं छापा आणि शेजारी पेग किती, दोऱ्या किती तेही लिहा. 6 पेग दिले तर 6 दिसतील. राहिला बदलण्याचा प्रश्न. पेग बदलले तरी शून्य होत नाहीत. हलके अ‍ॅल्युमिनियमचे घेतले तरी एकेक 10 ते 15 ग्रॅमचा असतोच. वरचं कव्हर ताणायला काहीतरी लागतंच, धोंड्याला बांधायलाही दोरी लागते. ‘किमान’ वजनात तो टेंट पावसात उभाच राहत नाही.

ताणाबाणा:
कापडाच्या धंद्यात आहे म्हणून त्या 60 ग्रॅमबद्दल लिहितो. दोन माणसांच्या टेंटला सगळं मिळून 12-13 चौरस मीटर कापड सहज लागतं. पाणी अडवायला कापडावर जो लेप चढवतात तो प्रत्येक ताग्याला अगदी सारखा बसत नाही. चौरस मीटरमागे 5 ग्रॅम जास्त बसला की झाले तुमचे 60 ग्रॅम. वर नायलॉन हवेतली ओल धरतं, साधारण दमटपणात वजनाच्या 4 टक्क्यांच्या आसपास. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. कोरड्या खोलीत मोजलेला नायलॉनचा टेंट जुलैत मुंबईत मोजाल तर जड भरणारच. याला फसवणूक म्हणणं अन्याय आहे. पेग-पिशव्यांचं मात्र तुमचं बरोबर.

सॅक_आणि_मी:
ताणाबाणा दादा, लेप कमीजास्त बसतो हे मान्य. पण मग फरक दोन्ही बाजूंना पडायला हवा ना? काही टेंट छापल्यापेक्षा हलके भरायला हवेत. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी आपापलं सामान मोजलं, टेंट, स्लीपिंग बॅग, सॅक, सगळं. हलकं एकही निघालं नाही. स्लीपिंग बॅगमध्ये दाबून भरायची पिशवी धरलेली नव्हती, सॅकमध्ये पावसाळी कव्हर धरलेलं नव्हतं. चूक नेहमी विकणाऱ्याच्याच फायद्याची असेल तर तिला लेपाचा दोष कसं म्हणायचं? सरासरी वजन छापा, सगळ्यात हलक्या नगाचं नको.

आणि पाकीटबंद मालाच्या 2011 च्या नियमांत 1 ते 10 किलोला वजनातल्या फरकाची दीड टक्काच सूट आहे. 1.9 किलोला ती 30 ग्रॅमसुद्धा होत नाही.

भंडारदऱ्याचा तंबूवाला:
ताई, नियम सांगताना पुरता सांगा. ती सूट वजनावर विकल्या जाणाऱ्या मालाला. टेंट नगावर विकला जातो, पाकिटावर ‘1 नग’ लिहिलं की 2011 च्या नियमांचं काम झालं. वजन छापायचं बंधनच नाही. उद्या जास्त ओरड केली तर छापायचंच बंद करतील, मग बसा अंदाज बांधत.

सॅक_आणि_मी:
बंधन नसेल, पण आपणहून छापलेला आकडा ही जाहिरात झाली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, 2019 आहे, आणि ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मराठीतही बोलता येतं.

गडकरी_मन:
एवढं वजनाचं वेड कशाला? एप्रिलमध्ये राजगड-तोरणा करताना तीन लिटर पाणी नेता तेव्हा तीन किलो मुकाट्याने उचलताच ना? छापील आणि खऱ्या वजनातला 480 ग्रॅमचा फरक म्हणजे अर्धा लिटर पाणी. अंग कमवा, काटे घरी ठेवा.

सॅक_आणि_मी:
दादा, पाणी पिऊन संपतं, टेंट संध्याकाळपर्यंत तेवढाच राहतो. शिवाय प्रत्येकाचं अंग सारखं नसतं. आमच्यात पन्नास किलोच्या आतल्या मुली आहेत, तिथे प्रत्येक वस्तूतला असा लपलेला भार मिळून दीड-दोन किलो होतो आणि हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने चढताना तो जाणवतो. लेहला विमानाने जाताना 15 किलोची मर्यादा असते, तिथे छापील वजनांची बेरीज करून गेलात तर काउंटरवर सॅक उघडावी लागते.

आणि हिमालयात आपलं ओझं बरेचदा आपण उचलत नाही, तिथला पोर्टर उचलतो. छापील आकडे मिळवून ‘सॅक नऊ किलोची आहे’ असं त्याला सांगायचं आणि प्रत्यक्षात साडेदहा द्यायची, हे मला चालत नाही. त्याच्या पाठीवरचं वजन तरी खरं सांगता यायला हवं.

गडकरी_मन:
पोर्टरचा मुद्दा बिनतोड. बाकी मत तेच.

भंडारदऱ्याचा तंबूवाला:
दोन आकडे आणि पेगांची संख्या, एवढं छापलं तर माझी हरकत नाही. फक्त पूर्ण वजनच छापायला मात्र माझा विरोध कायम. माझे टेंट मोजून आकडे इथे टाकतो, ओले आणि सुके दोन्ही, कारण पावसाळ्यात गिऱ्हाईक ओलाच टेंट परत उचलून खाली आणतं आणि तो आकडा कोणीच छापत नाही.

कातळवाट:
टाका, नक्की टाका. मीही माझ्या भागांची यादी फोटोंसकट कंपनीला पाठवली आहे. बाकीच्यांनीही मोजताना एकच करा: टेंट, कव्हर, पोल, पेग, दोऱ्या, पिशव्या वेगवेगळे लिहा, आणि कापड नायलॉन की पॉलिएस्टर तेही. ताणाबाणा दादांच्या ओलीचा हिशोब त्यातून आपोआप सुटा होईल.