गिऱ्हाइकाला ‘फक्त क्रोम वापरा’ सांगितलं तर बिघडलं कुठं?

कुपवाड_कोडर
तासगाव रस्त्यावरच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला आम्ही वजनाची सिस्टीम बसवलीय. काटा कॉम्प्युटरला जोडलेला, सर्व्हर तिथंच ऑफिसात, कारण नेटचा भरवसा नाही. पेटी काट्यावर ठेवली की वजन वेबसॉकेटनं (ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत उघडी जोडणी) सगळ्यांच्या स्क्रीनवर. पान एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर, पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) ४४३. सॉकेटही तसाच कुलूपबंद, डब्ल्यूएसएस, पोर्ट ८४४३. सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट घरचंच, सेल्फ साइन्ड. पहिल्यांदा धोक्याचं पान येतं, ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून पुढं जायचं.

क्रोममध्ये झकास चालतं. दिवाणजींच्या फायरफॉक्समध्ये पान उघडतं, पण वजनाचा चौकोन कोरा. मालकांच्या आयफोनवरही तेच. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणारी खिडकी) नुसता कोड १००६.

माझं मत सरळ आहे. चार भिंतींच्या आतलं काम, मोजकी माणसं, क्रोम फुकट. भिंतीवर कागद चिकटवा, विषय संपला. प्रत्येक ब्राउझरचे लाड पुरवत बसलो तर त्या वेळेचं बिल कोण देणार?

विश्रामबागकरीण
भाऊ, पहिली अडचण: मालकांनी आयफोनवर क्रोम टाकलं तरी आपल्याकडं आतलं इंजिन वेबकिटच असतं, सफारीचंच. म्हणजे तुमचा कागद ज्यांच्याकडून बिल घ्यायचंय त्यांनाच लागू पडत नाही.

दुसरं, हे ब्राउझरचे लाड नव्हेतच. ‘पुढं जा’ दाबून दिलेली परवानगी क्रोम होस्टच्या (सर्व्हरच्या) नावावर ठेवतो, पोर्ट बघत नाही. म्हणून ८४४३ फुकटात सुटतो. फायरफॉक्स होस्ट आणि पोर्ट दोन्ही मिळून बघतो. ४४३ला परवानगी मिळाली, ८४४३ला कुणी विचारलंच नाही. आणि सॉकेटसाठी कुठलाच ब्राउझर इशाऱ्याचं पान दाखवत नाही, गुपचूप तोडतो. १००६चा अर्थ एवढाच की जोडणी रीतसर बंद झाली नाही. खरं कारण स्क्रिप्टला मुद्दाम सांगत नाहीत, नाहीतर कुठलंही पान तुमच्या नेटवर्कमधली पोर्टं चाचपत बसेल.

खात्री करायची तर दिवाणजींच्या फायरफॉक्समध्ये सॉकेटचाच पत्ता एचटीटीपीएस लावून, पोर्टसकट, नवीन टॅबमध्ये उघडा. इशारा दिसेल. तो स्वीकारला की चौकोनात वजन येईल. पण हे निदान झालं. उपाय म्हणून कुणाला शिकवू नका.

पेठेतला_जुना_गडी
एवढा घोळ कशाला म्हणतो मी? ऑफिसातल्या ऑफिसात एचटीटीपीएस हवंच कशाला? साधं, बिनकुलपाचं एचटीटीपी, साधं डब्ल्यूएस. गणपती पेठेतल्या दोन दुकानांत माझं असंच चालू आहे, कुणाची तक्रार नाही. काट्यावरचं वजन चोरून कोण काय करणार?

कुपवाड_कोडर
काका, पेटीवरचा बारकोड मोबाइलच्या कॅमेऱ्यानं वाचतो आम्ही. साध्या एचटीटीपीच्या पानाला ब्राउझर कॅमेरा देत नाही. आणि पान एचटीटीपीएस केलं की साधा डब्ल्यूएस मिश्र मजकूर (सुरक्षित पानात असुरक्षित जोडणी) म्हणून अडवतात. दोन्हीकडून कोंडी.

पेठेतला_जुना_गडी
मग बारकोडची गन घ्या. यूएसबी लावली की कीबोर्डसारखी चालते, ब्राउझरला पत्ताच नाही. सगळं मोबाइलवरच पाहिजे ही आजकालची हौस.

मिरज_जंक्शन
गनचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, काही ठिकाणी तोच बरा. पण मला इथं वेबसॉकेटच गरजेपेक्षा जास्त वाटतोय. वजन एकाच दिशेनं जातंय ना, सर्व्हरकडून स्क्रीनकडं? मग सर्व्हर-सेंट इव्हेंट्स वापरा. ४४३वरच, साध्या एचटीटीपी उत्तरासारखं. पानाला मिळालेली परवानगी फायरफॉक्समध्ये तिथंही चालेल आणि जोडणी तुटली तर ब्राउझर आपणहून परत जोडतो. वेबसॉकेटमध्ये ते सगळं हातानं लिहावं लागतं.

विश्रामबागकरीण
चालेल, पण एचटीटीपी १.१ वर एका होस्टला ब्राउझर एका वेळी सहाच जोडण्या देतो. दिवाणजींनी सात टॅब उघडे ठेवले की सातवं पान लटकलं. आणि दिवाणजी टॅब बंद करत नाहीत हे जगजाहीर आहे.

त्यापेक्षा सॉकेटच ४४३वर आणा. पुढं एनजिनएक्स (मधला निरोप्या सर्व्हर, म्हणजे प्रॉक्सी) ठेवा, एक वेगळा पाथ (पत्त्याचा पुढचा भाग) सॉकेटला द्या. ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ ही दोन हेडर्स (विनंतीसोबतच्या सूचना) पुढं पाठवायची आणि प्रॉक्सीची एचटीटीपी आवृत्ती १.१ ठेवायची. यातलं काही राहिलं तर १०१ऐवजी (सॉकेट जोडल्याचा कोड) भलतंच उत्तर येतं आणि लोक सर्टिफिकेटला शिव्या देत बसतात. शिवाय एनजिनएक्सची वाचनाची मुदत मुळात ६० सेकंदांची असते. काट्यावर मिनिटभर पेटी आली नाही की जोडणी तुटते. सर्व्हरनं मधूनमधून पिंग (‘जागा आहे’ असा छोटा निरोप) पाठवायचा.

पण माझा खरा राग त्या ‘ॲडव्हान्स्ड’ बटणावर आहे. ज्या कॉम्प्युटरवर दिवाणजी वजन बघतात त्याच्यावरच ते बँकेत पैसे भरतात. त्यांना तुम्ही रोज शिकवताय की धोक्याचं पान आलं की पुढं जायचं. उद्या बँकेच्या नावानं खोटं पान आलं तर ते काय करतील?

कुपवाड_कोडर
ताई, मान्य, पण खरं सर्टिफिकेट आतल्या आयपीला (नेटवर्कमधल्या अंकी पत्त्याला) आणू कुठनं? बाहेरून पोर्ट उघडायला मालक तयार नाहीत आणि ते बरोबरच आहे.

विश्रामबागकरीण
पोर्ट उघडायचंच नाही. एक डोमेन घ्या, त्याचं उपनाव सर्व्हरच्या १९२.१६८वाल्या पत्त्याकडं वळवा आणि लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला डीएनएसमधली (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) टीएक्सटी नोंद दाखवून मालकी सिद्ध करा. सर्टिफिकेट फुकट मिळतं.

मिरज_जंक्शन
कागदावर छान आहे. पण काही राउटर बाहेरच्या नावाला आतला पत्ता मिळाला की ते उत्तरच गाळतात, डीएनएस रीबाइंडिंगच्या (बाहेरच्या नावाआडून आतल्या यंत्रांवर हल्ला) भीतीनं. आणि नेट गेलं की ते नाव विचारणार कुणाला? आतला डीएनएस लागणार. वर ९० दिवसांनी नूतनीकरण. जिथं नेटचा भरवसा नाही म्हणून सर्व्हर ऑफिसात ठेवला, तिथं नेटवर अवलंबून उपाय सांगताय.

विश्रामबागकरीण
आतला डीएनएस राउटरमध्येच एका ओळीत होतो. नूतनीकरण साधारण तीस दिवस आधीपासून सुरू करतात, महिन्यात एकदा तरी नेट येईलच की. कोल्ड स्टोरेज आहे, किल्ला नाही.

तासगावकर_द्राक्षवाला
मी कोडर नाही, वापरणारा आहे. आमच्याकडं असंच झालं होतं तेव्हा कॉम्प्युटरची तारीखच मागं गेलेली निघाली. मदरबोर्डवरचा सेल संपलेला. सगळी सर्टिफिकेटं ‘अजून लागू नाहीत’ म्हणत होती. सेल बदलला, काम झालं. आधी घड्याळ बघत चला राव.

कुपवाड_कोडर
तारीख बघितली, बरोबर आहे. ४४३वर एका पाथला आणतो, ते पटलं. डोमेनचं मालकांना विचारतो, पण दरवर्षी भरायचे पैसे ऐकून ते काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. नाही म्हणाले तर आयफोनचं काय?

विश्रामबागकरीण
तर मग स्वतःचं रूट सर्टिफिकेट (बाकीच्या सर्टिफिकेटांवर सही करणारं मूळ) बनवून फोनमध्ये प्रोफाइल टाका. नुसतं टाकून भागत नाही. सेटिंग्ज, जनरल, अबाउटमध्ये अगदी तळाला सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज आहे, तिथं त्या रूटवर पूर्ण विश्वास चालू करायचा. सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत ८२५ दिवसांच्या आत ठेवा आणि आयपी सॅनच्या (सर्टिफिकेट कुणाकुणासाठी आहे त्या) यादीत आयपी म्हणूनच लिहा. नुसत्या कॉमन नेमला (सर्टिफिकेटातला नावाचा जुना रकाना) क्रोमही २०१७पासून विचारत नाही. आणि त्या रूटची किल्ली सर्व्हरवर ठेवू नका. पेनड्राइव्हवर घ्या आणि मालकांच्या तिजोरीत टाका.

पेठेतला_जुना_गडी
यापेक्षा गन स्वस्त पडली असती.