घूं, भणभण की खरखर? आणि ‘ग्राउंड लूप’ला काय म्हणायचं?

दादरकर:
मंडळी, एक शब्द हवाय. खरं तर दोन. टीव्हीचा आवाज जुन्या अ‍ॅम्पला जोडला, तेव्हापासून स्पीकरमधून काहीतरी येतंय. टीव्ही म्यूट केला तरी येतं. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात जाऊन सांगितलं, ‘स्पीकरमधून आवाज येतोय.’ काउंटरवरचा म्हणाला, ‘मग चांगलंच आहे की!’ चूक माझीच. आपल्याकडे माणसाचा आवाज, फटाक्याचा आवाज, रिमोटवर कमीजास्त करतो तो आवाज आणि हा नको असलेला, सगळ्यांना एकच शब्द. मग त्याने विचारलं, ‘हमिंग आहे का बझिंग?’ तिथे मी गप्प. या दोघांना मराठीत वेगवेगळे शब्द आहेत का? आणि शेवटी तो ‘ग्राउंड लूप असेल’ म्हणाला, त्याला काय म्हणायचं?

गिरगावकर:
शब्दांची ददात नाही हो, वापरायची सवय गेलीय. हमिंग म्हणजे घूं. ओठ मिटून काढता येतो तो. रिकाम्या पिंपात तोंड घालून ‘ऊं’ केलंत की जसं होतं तसं. क्रियापद घुमणे: ‘स्पीकर घुमतोय’. गुणगुण म्हणू नका, गुणगुणण्यात चाल असते आणि गुणगुणणारा बहुधा खुशीत असतो. बझिंग म्हणजे भणभण, कोळणीच्या पाटीवरच्या माश्यांची. घूं पोटात जाणवते, भणभण कानाला टोचते.

खरखर तिसरीच. ती सतत नसते, आवाजाचं बटण फिरवताना किंवा वायर हलवली की येते. आत धूळ किंवा सैल जोड. आणि काहीच वाजत नसताना स्पीकरला कान लावल्यावर येतं ते सूं, ते थोडंफार प्रत्येक अ‍ॅम्पला असतंच. त्याच्यामागे लागू नका.

हार्मोनियमवाली:
घूं कुठल्या सुरात आहे तेही सांगता येतं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. पेटीची पांढरी पाच (पाचवी पांढरी पट्टी) खाली खाली नेत गेलात की 98 आणि 49 हर्ट्झ लागतात. म्हणजे तुमचा स्पीकर खर्जातल्या पांढरी पाचला, जरासा चढा, घुमत असणार. पेटीवर लावून बघा. माझ्याकडे रियाजाला अ‍ॅम्प चालू असला की तंबोऱ्याशी ही घूं भांडायची, मी तिच्या शेजारच्या काळी चारवरून गाते ना! अमेरिकेतले व्हिडिओ बघून ‘साठ हर्ट्झ’ शोधत बसू नका, ती त्यांच्याकडची वीज.

वायरमन, परळ:
सुरापेक्षा आधी एक करा. अ‍ॅम्पला मागून लागलेल्या इनपुटच्या सगळ्या वायरी काढा, नुसता अ‍ॅम्प आणि स्पीकर ठेवा. (आवाज आधी शून्यावर, नाहीतर ‘भॉक्’ होऊन स्पीकर जाईल.) तरीही घूं राहिली तर दोष अ‍ॅम्पच्या पोटात आहे, जुन्या अ‍ॅम्पमध्ये फिल्टरचे कपॅसिटर सुकतात. ती घूं 100 हर्ट्झची, म्हणजे एक सप्तक वर. घूं गेली तर भानगड बाहेरची. मग एकेक वायर परत लावत जा, जिच्यापाशी घुमेल ती चोर.

टीव्ही केबलवर आहे ना? मग बहुतेक तीच. अ‍ॅम्पची थ्री-पिन भिंतीत गेली की त्याची बॉडी बिल्डिंगच्या अर्थला लागते. केबलची जाळी, म्हणजे आतल्या तारेभोवतीचं विणलेलं आवरण, गच्चीवरून येते, ती भलत्याच ठिकाणी अर्थ झालेली. दोन्ही म्हणायला जमीनच, पण दोघांत थोडा व्होल्टेजचा फरक असतो. टीव्हीपासून अ‍ॅम्पपर्यंतच्या वायरीने तुम्ही त्यांना जोडलंत की कडं पुरं होतं. तिच्या जाळीतून करंट फिरायला लागतो, आणि सिग्नलची परतीची वाटही तीच जाळी. अ‍ॅम्प बिचारा त्यालाही गाणं समजतो आणि मोठं करून ऐकवतो.

गिरगावकर:
म्हणजे दोन अर्थ झाल्यामुळे घोटाळा. वाक्याला दोन अर्थ असले तर आम्ही टाळ्या देतो, श्लेष म्हणून. अ‍ॅम्पला दोन अर्थ झाले की तो घुमतो.

वायरमन, परळ:
हसा. पण काही शहाणे थ्री-पिनची जाडी पिन मोडून टाकतात, घूं जाते म्हणून. जाते, खरंय. उद्या आत वायर सुटून बॉडीला लागली की 230 व्होल्ट तुमच्या हाताची वाट बघत बसतील. ती पिन इतर दोघींपेक्षा लांब का असते? आत जाताना आधी लागावी आणि बाहेर येताना शेवटी सुटावी म्हणून. अर्थ काढला तर अनर्थ, एवढाच श्लेष मला येतो.

दादरकर:
केबलचा स्क्रू सोडवून बघितला. आवाज शून्यावर ठेवला, स्क्रू काढला, आवाज वाढवला: चिडीचूप! परत लावला, घूं. लावताना बोटाला काहीतरी झालं, शॉक नव्हता, पण होतं. त्याला काय म्हणतात?

गिरगावकर:
झिणझिणलं. मुंग्या आतून येतात, पाय दुमडून बसलात की. झिणझिण बाहेरून येते. शॉक ‘बसतो’.

वायरमन, परळ:
आणि धंद्यात ‘बॉडीला करंट येतोय’. दोन पिनवाल्या अ‍ॅडॅप्टरची यंत्रं अशी झिणझिणतात, आतल्या छोट्या कपॅसिटरमधून जरा जरा गळतं. नुसतं झिणझिणलं तर ठीक, झटका बसला तर हात लावू नका, माणूस बोलवा.

हार्मोनियमवाली:
मूळ प्रश्न राहिला. ‘ग्राउंड लूप’ला ‘भूवलय’ कसं?

गिरगावकर:
भूवलय म्हटलं की मला भूगोलाचा पेपर आठवतो. शाळेच्या पुस्तकातलं ‘भूसंपर्क तार’ लिहायला ठीक, पण जिन्यात उभं राहून वायरमनला ‘भूसंपर्काचं वलय झालंय’ म्हणालात तर तो वर न येता परत जाईल. वेटोळं सापाचं, ते मिटलेलं नसतं. वळसा तर सरळ वाट सोडून घेतलेला, त्यातून परत मूळ जागी येणं नाही. वेढ्याला आत काहीतरी अडकलेलं लागतं. इथे करंट निघतो तिथेच परत येतो. म्हणून मी म्हणेन ‘अर्थचा फेरा’. चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकवायला पुण्य लागतं, हा चुकवायला एक वायर बदलली तरी पुरे.

मंडपवाला:
आम्ही गणपतीत नुसतं ‘हम आलाय’ म्हणतो. मिक्सर मंडपाच्या लाइनवर आणि अ‍ॅम्प जनरेटरवर गेला की हमखास. मग ओरडतो, ‘लिफ्ट मार!’ डीआय बॉक्स म्हणजे सिग्नलच्या वायरीत मध्ये लावायची डबी, तिच्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते सिग्नलच्या वायरीतली जाळी तोडतं. मेनच्या पिनला हात लावत नाही, हे वायरमन दादांसाठी.

दादरकर:
लिफ्ट? आमच्या बिल्डिंगची लिफ्ट चालू झाली की टक् होतं, तेही हेच का?

मंडपवाला:
नाही हो, ती खरी लिफ्ट! मोटर चालू होताना लाइनला झटका बसतो, तोच ऐकू येतो. फेऱ्याशी संबंध नाही.

वायरमन, परळ:
आता औषध. टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि अ‍ॅम्प एकाच बोर्डावर घ्या. तेवढ्याने गेली तर नशीब. नाही गेली तर केबल बॉक्समध्ये शिरते तिथे आयसोलेटर लावा, तो सिग्नल जाऊ देतो आणि जाळीचा जोड तोडतो. डिश असेल तर साधा आयसोलेटर नको, त्याच वायरीतून वर छत्रीला 13 किंवा 18 व्होल्ट जातात, तो ते अडवेल. टीव्हीला ऑप्टिकल आउट असेल आणि अ‍ॅम्पला घेता येत असेल तर सगळ्यात झकास. त्या वायरीतून उजेड जातो, वीज नाही, मग फेरा होणार कशाचा?

दादरकर:
अ‍ॅम्प माझ्या वडिलांच्या वेळचा, ऑप्टिकल कुठलं! एका बोर्डावर घेतलं, अर्धी गेली. आयसोलेटर आणला, उरलेली गेली. दुकानात या वेळी ‘अर्थचा फेरा आहे, स्पीकर घुमतोय’ म्हणालो तर काउंटरवरच्याने काही न बोलता मागच्या खणातून पुडी काढून दिली.

आता घूं गेल्यामुळे दुसरं ऐकू यायला लागलंय. पंखा दोनवर असला की बारीक भणभण.

वायरमन, परळ:
रेग्युलेटर गोल फिरणारा, सलग कमीजास्त होणारा? तो विजेची प्रत्येक लाट मध्येच कापतो, त्या कापलेल्या कडा भणभणतात. खटक्याचा, कपॅसिटरवाला बसवून घ्या. तोवर पूर्ण वेगावर ठेवा, तेव्हा कापाकापी जवळजवळ नसते.

दादरकर:
आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘मग ठेव की पाचवर, नाहीतरी उकडतंय.’