मदत हवी आहे: मनीच्या पोटासाठी इसबगोल की लाल भोपळा?

नमस्कार मंडळी. आमची मांजर मनी 7 वर्षांची, मालवणात मासळीवरच वाढलेली. बांगडा भाजायला घेतला की चुलीपाशी हजर! पण गेले तीन आठवडे दोन-दोन दिवस शी होत नाही, झालीच तर सुक्या खड्यांसारखी. डॉक्टरांनी तपासलं, पोटात काही अडकलेलं नाही. "प्रीबायोटिक फायबर वाढवा" म्हणाले.

मला समजलं ते असं: हे तंतू मांजराला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, आणि त्यातून बनणारं ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल आतड्याच्या अस्तराला पोसतं. अती झालं तर गॅस, जुलाब. इसबगोल मात्र फारसं आंबत नाही, पाणी धरून शी मऊ करतं. इन्युलिन (असाच एक प्रीबायोटिक तंतू) कांदा-लसणातही असतं, पण दोन्ही मांजराला विषारी. त्यामुळे "माशाचं सार घाल गो थोडं" हा आईचा सल्ला बाद.

कोणी इसबगोल किंवा उकडलेला भोपळा दिलाय का? सुरुवात किती चिमटीने केली, फरक किती दिवसांत पडला? आणि ही बया माशाशिवाय कशाला तोंड लावत नाही, पाणीही जेमतेम पिते. त्यात हे लपवायचं कसं?