लॉजच्या सोलरच्या पाण्यात लेजिओनेला: कोलिफॉर्मचा रिपोर्ट पुरेसा आहे का?

खानापूर_रोड_लॉज
नमस्कार मंडळी. बेळगावात 22 खोल्यांचं लॉज आहे. गच्चीवर 1000 लिटरची सोलरची स्टीलची टाकी, तिला 6 किलोवॅटची कॉइल. थंड पाण्याची टाकी 5000 लिटरची, त्यात कार्पोरेशनचं आणि बोअरचं पाणी मिसळतं. वरचा मजला पावसाळ्यापासून बंद आहे, डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनाला सगळ्या खोल्या भरतील. एका कंपनीने लेजिओनेलाचा रिपोर्ट मागितलाय. आमच्याकडे कोलिफॉर्म नसल्याचा रिपोर्ट आहे, तो चालेल का?

पाणी_तपासणी
नाही चालणार. कोलिफॉर्मवरून पाण्यात सांडपाणी शिरलंय का एवढंच कळतं. लेजिओनेला हा जंतू नितळ, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही वाढतो. शॉवरचे बारीक तुषार श्वासातून फुप्फुसात गेले की न्यूमोनिया होऊ शकतो, आणि तोही साधारण 2 ते 10 दिवसांनी. तोवर पाहुणा आपल्या गावी पोचलेला असतो, म्हणून लॉजवाल्याला पत्ताच लागत नाही. वयस्कर, मधुमेही आणि सिगरेट ओढणाऱ्यांना धोका जास्त.

नमुना 1 लिटर, थायोसल्फेट (पाण्यातलं क्लोरीन मारणारं रसायन) घातलेल्या निर्जंतुक बाटलीत. सोलरपासून सर्वांत लांबच्या खोलीतला घ्या, नळ आधी वाहू न देता. कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायला, दहाएक दिवस लागतात, तेव्हा आजच लॅबशी बोला.

गरम_पाणी_निपाणी
रिपोर्ट येईल तेव्हा येईल, आधी थर्मामीटर घ्या. हा जंतू 20 ते 45 अंशांत वाढतो आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर सोलरची टाकी नेमकी तिथेच रेंगाळते. खरी गोम कॉइलमध्ये आहे. ती टाकीच्या मध्यावर बसवली असेल तर वरचंच पाणी तापतं, तळाचं कोमट राहतं आणि गाळ तिथेच बसतो. टाकीवरचा काटा 60 दाखवतो तो वरचा! तळाच्या ड्रेनचं पाणी मोजा.

आधी ड्रेन उघडून गाळ काढा. मग वरचं पाणी तळाशी फिरवणारा छोटा पंप लावून पूर्ण टाकी रोज तासभर 60 वर ठेवा. 42 वरून 60 ला न्यायला 21 युनिट, म्हणजे तुमच्या कॉइलला साडेतीन तास. नळाला मिनिटभरात 50 अंश यायला हवेत, रिटर्न लाइनलाही (गरम पाणी फिरून टाकीत परत आणणारा पाइप) 50. रात्री रिटर्नचा पंप बंद करू नका.

बंद मजल्याचा प्रत्येक नळ आणि शॉवर आठवड्यातून एकदा 5 मिनिटं सोडा. शॉवरचं तोंड काढून होज बादलीच्या पाण्यात बुडवा, खिडकी उघडा, एन-95 मास्क लावा. काढलेल्या गिझरची टोपण लावलेली लाइन असेल तर ती टी-पासूनच (मुख्य पाइपाला फाटा फुटतो त्या जोडापासून) कापा. नुसतं टोपण लावलं तर पाणी आत कुजत राहतं.

पाणी_तपासणी
थंड बाजूला क्लोरीन. 5000 लिटरला 10 टक्क्यांचं ताजं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, पातळ क्लोरीन) अडीच लिटर घातलं की 50 पीपीएम होतं. जुन्या कॅनमधल्या हायपोचा जोर निम्म्यावर उतरलेला असतो. प्रत्येक नळाला वास येईपर्यंत सोडा, तासभर थांबा. शेवटी क्लोरीन 30 पीपीएमच्या खाली गेलं असेल तर पुन्हा करा. मग सगळं धुऊन काढा. या वेळात खोल्या रिकाम्या हव्यात. हे पाणी स्टीलच्या टाकीत जाऊ देऊ नका, पत्र्याला खड्डे पडतात. सोलरला जाणारा व्हॉल्व्ह आधी बंद करा.

बोअरच्या क्षाराचा थर म्हणजे जंतूंचं घरच. शॉवरची तोंडं सायट्रिक ॲसिडमध्ये भिजवा, नीट धुवा, नंतरच हायपोत. दोन्ही एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो, जीवावर बेतेल.

खानापूर_रोड_लॉज
60 च्या पाण्याने कोणी भाजलं तर?

गरम_पाणी_निपाणी
भाजेल, पाचेक सेकंदांत. म्हणून थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम-थंड पाणी आपोआप मिसळून ठरलेल्या तापमानाला देणारा) बसवायचा, पण बाथरूममध्येच, शॉवरला लागून. गच्चीवर एकच बसवला तर तिन्ही मजल्यांच्या पाइपात पुन्हा 40 अंशांचं पाणी उभं राहील.